डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत आणि जोडीला व्यायाम करायचाय त्यांच्यासाठी: देवपूर, धुळे इथल्या व्यायामशाळेचा रिव्ह्यू

ज्यांना बॉडी बनवायचीय, स्पर्धेत उतरायचंय त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू नाही, त्यांना मशीनमधलं माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी लिहितोय ते अशा माणसासाठी ज्याला डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत आणि डॉक्टरांनी जोडीला व्यायाम करायला सांगितलाय. किंवा खरं तर त्याच्या घरच्यांसाठी, कारण त्या माणसाला स्वतःला बसून काही शोधायची, वाचायची ताकद बर्‍याचदा नसतेच. मी त्यातूनच गेलोय आणि अजून पूर्ण बाहेर आलेलो नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो, लांबलं तर समजून घ्या.

मी मार्केट यार्डात एका आडतीवर हिशेब लिहितो. गेल्या वर्षी कापसाच्या सीझनमधे माझं सगळं बिघडलं. पहाटे तीन-साडेतीनला जाग यायची ती यायचीच, मग उजाडेपर्यंत पंख्याकडे बघत पडायचं. जेवण नको, टीव्ही नको, कोणी बोलायला आलं तर ते पण नको. पट्ट्या लिहिताना आकडे समोर असायचे पण बेरीज पुढे सरकायची नाही, आणि हे काम मी वीस-एक वर्ष करतोय. माय म्हणे कोणाची तरी नजर लागली, एकवीरा मातेला जाऊन ये. गेलो, बरं वाटलं जाऊन. पण बायकोने तेवढ्यावर न थांबता सरळ मानसोपचार डॉक्टरांकडे नेलं. मॅडमनी एक नऊ प्रश्नांचा कागद दिला, गेल्या दोन आठवड्यात असं किती दिवस वाटलं, प्रत्येक उत्तराला 0 ते 3 मार्क, एकूण 27 पैकी. पीएचक्यू-9 म्हणतात त्याला. 10 पासून पुढे मध्यम, 15 पासून जरा जास्त, 20 पासून पुढे तीव्र असं धरतात. माझा आकडा मधल्या पट्ट्यात आला. मॅडम म्हणाल्या गोळी सुरू करू, असर दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा पण लागतात, तोवर आणि त्याच्या पुढेही व्यायाम चालू ठेवा. गोळी सोडून व्यायाम नाही हं, दोन्ही, असं माझ्या बायकोला वेगळं बसवून सांगितलं.

आता व्यायाम करा म्हणणं सोपं आहे. ज्याला अंघोळीला उठायला दुपार होते त्याने व्यायाम करायचा कसा, हे कोणी सांगत नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे. आधी आम्ही शहरातल्या दुसर्‍या एका एसी जिममधे गेलो होतो. काउंटरवरच वर्षाचं पॅकेज, पावडरचा डबा, पर्सनल ट्रेनिंगचा रेट, सगळं एका दमात सांगून टाकलं. गोळ्या चालू आहेत म्हटल्यावर तिथला पोरगा म्हणतो, "अहो भाऊ टेन्शनच्या गोळ्या बंद करून टाका, एक महिना घाम गाळा, सगळं क्लिअर होतं." बायकोने माझा हात धरला आणि आम्ही बाहेर आलो. त्याचं वय लहान होतं, वाईट हेतू नसेलही, पण हा सल्ला धोक्याचा आहे हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवतो. ह्या गोळ्या अचानक बंद केल्या तर चक्कर, मळमळ, डोक्यात करंट गेल्यासारखं होणं, चिडचिड, झोप उडणं, हे सगळं होऊ शकतं आणि आजार उलटू शकतो तो वेगळाच. बंद करायच्या तर डॉक्टर हळूहळू कमी करत नेतात.

ह्या व्यायामशाळेचं नाव मला यार्डातल्या एका हमालाने सांगितलं. देवपूरात, पांझरेच्या पुलापासून चालत जाण्याइतकी जवळ. बाहेरून बघाल तर काही वाटणार नाही, दोन खोल्या आणि पुढे पत्र्याचं शेड, मागे जुना मातीचा आखाडा, तो आता लहान मुलांच्या कुस्तीला वापरतात. चालवणारे गृहस्थ आधी शाळेत पीटीचे सर होते, सगळे त्यांना नाना म्हणतात. त्यांची मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे, ती आठवड्यातून काही दिवस सकाळी असते, आम्ही तिला ताई म्हणतो. सकाळची एक बॅच ह्या दोघांनी मुद्दाम वेगळी ठेवलीय. त्यात गुडघेदुखीवाले, शुगरवाले, बायपास झालेले, आणि आमच्यासारखे. बोर्डावर डिप्रेशन वगैरे काही लिहिलेलं नाही आणि ते मला फार आवडलं, कारण धुळ्यात कोण कुठल्या गेटातून आत शिरलं हे संध्याकाळपर्यंत चार गल्ल्यांना माहिती होतं. इथे यायला कोणाला उत्तर द्यावं लागत नाही, विचारलं तर गुडघ्यासाठी जातो म्हणायचं, विषय संपला.

पहिल्या दिवशी नानांनी ना वजन केलं ना पोटाला टेप लावला. खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "कसं शे भो? झोप येस का?" मी काही बोललोच नाही, बायकोच बोलली. मग ताईने गोळ्यांची चिठ्ठी बघितली, नावं लिहून घेतली, बीपी मोजलं, छातीत दुखतं का, जिना चढताना दम लागतो का, गुडघा-कंबर कशी आहे, आधी कधी खेळत होतात का, असं एकेक विचारलं. हार्टचा त्रास असता तर आधी डॉक्टरांची चिठ्ठी आणा म्हणाली असती, एकांना तसंच परत पाठवलेलं मी नंतर बघितलं. त्यानंतर नाना स्वतः माझ्याबरोबर गल्लीच्या टोकापर्यंत चालत आले आणि परत. येऊन त्याच खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि बसायचं, थोडे वेळा. झालं, जा घरी. मी म्हटलं एवढंच? तर म्हणे एवढंच, उद्या पण एवढंच. मला वाटतं बाकी जिम आणि ह्या जागेत हाच फरक आहे. पहिल्याच दिवशी माणसाला दमवून टाकलं की दुसर्‍या दिवशी अंग मोडून येतं, आणि डिप्रेशनमधे आधीच मन "जाऊ दे" म्हणायला टपलेलं असतं, त्याला कारण मिळून जातं.

आता वहीबद्दल लिहितो, कारण मी हिशेबाचा माणूस, मला ती वही सगळ्यात जास्त पटली. आडतीवर असते तसली लांब लाल कापडी पुठ्ठ्याची वही, प्रत्येकाचं एक पान. रकाने हाताने आखलेले: तारीख, रात्रीची झोप, काय केलं, आणि शेवटी दोन बारीक रकाने, येताना आणि जाताना. आत आलं की नाना विचारतात आत्ता कसं वाटतंय, 0 ते 10 मधे सांगा. निघताना परत तेच विचारतात. माझ्या सुरुवातीच्या पानावर येताना 2, जाताना 3, येताना 2, जाताना 4, असंच सगळं आहे, कुठे कुठे येताना 3 आणि जाताना पण 3. एकदा मी म्हटलं नाना काही उपयोग नाही, रोज यायचं आणि दुसर्‍या दिवशी परत दोनच. त्यांनी काही भाषण दिलं नाही. वही माझ्यासमोर उघडली, पट्टी लावली आणि म्हणाले, तू हिशेबनीस ना, जातानाच्या रकान्यात येतानापेक्षा कमी आकडा कुठे सापडतो का बघ. मी पान वरून खाली तपासलं. कुठेच नव्हता. डिप्रेशनमधे माणसाला कालचं बरं वाटलेलं आठवत नाही हो, मेंदू ते पुसूनच टाकतो जणू, आणि आपल्या तोंडाने सांगितलेला, दुसर्‍याच्या अक्षरात लिहिलेला आकडा समोर आला की त्याच्याशी वाद घालता येत नाही. काही महिन्यांनी येतानाचा रकाना पण हळूहळू वर सरकायला लागला, पण ते नंतर.

दुसरी गोष्ट म्हणजे फोन. नाही आलं की साधारण सात वाजता फोन येतो. "काबर उना नही भो?" बस, एवढंच. रागावणं नाही, फी वाया चालली असलं काही नाही. उत्तर काहीही दिलं तरी पुढचं वाक्य ठरलेलं, दहा मिनिटांसाठी ये, नुसता चाल, मग जा परत. एक-दोन वेळा तर बॅचमधले रिटायर्ड एसटी ड्रायव्हर आबा मोटारसायकल घेऊन माझ्या दारात उभे, म्हणे मी इकडूनच चाललो होतो. ते राहतात साक्री रोडला, त्यांचा रस्ता आमच्या इकडून कुठून येणार. आणि खरं सांगतो, दहा मिनिटं म्हणून गेलेला माणूस बहुतेक वेळा अर्धा तास थांबतो. नसेल थांबायचं तर कोणी अडवत पण नाही, मी कितीतरी वेळा दहा मिनिटांत निघून आलोय आणि वहीत तेवढंच लिहिलंय.

घरच्यांनी इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. आपण म्हणतो आधी मूड येऊ दे, मग जाईल तो. ह्या आजारात तो मूड आपणहून येत नाही, आधी हालचाल करावी लागते आणि मूड मागून येतो. मानसोपचारात ह्यावरच बेतलेली एक पद्धत आहे, बिहेवियरल अ‍ॅक्टिव्हेशन नावाची, म्हणजे काय करायचं ते छोट्या तुकड्यात ठरवायचं आणि मन लागो न लागो ते करायचं. नानांना हे नाव माहिती नसेल पण ते करतात अगदी तेच.

आता हे सगळं मनाचं समाधान आहे की खरंच काही असर असतो, हा प्रश्न मला पण होता, आणि जरा बरं वाटायला लागल्यावर मी वाचायला लागलो. ताईने पण बरंच सांगितलं. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात जेम्स ब्लूमेंथाल नावाच्या संशोधकांनी 1999 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. डिप्रेशन असलेली 156 माणसं, सगळी पन्नाशीच्या पुढची, तीन गट केले. एका गटाला व्यायाम, एकाला सर्ट्रालिन नावाची गोळी (आपल्याकडे पण ही सर्रास देतात), आणि एकाला दोन्ही. व्यायाम म्हणजे आठवड्यातून तीनदा, जोरात चालणं, जॉगिंग किंवा सायकल. 16 आठवड्यांनंतर तिन्ही गटांत सुधारणा जवळपास सारखीच होती. पण गोळीचा असर लवकर सुरू झाला, हे पण त्यातच आहे, म्हणून कोणी अर्धं वाचून गोळी फेकू नका. नंतर, अभ्यास सुरू झाल्यापासून 10 महिन्यांनी, परत बघितलं तेव्हा जे बरे झाले होते त्यांच्यात नियमित व्यायाम चालू ठेवणार्‍यांचा आजार उलटण्याचं प्रमाण कमी दिसलं.

त्याच्याही पेक्षा मोठं म्हणजे 2024 च्या फेब्रुवारीत बीएमजे ह्या मेडिकल जर्नलमधे आलेलं, त्यात 218 अभ्यास एकत्र केले, मिळून 14,170 माणसं. चालणं-पळणं, योगा आणि वजनं उचलण्याचा व्यायाम ह्या तिघांचा असर चांगला निघाला, आणि जोर जितका जास्त तितका फायदा जास्त असं पण दिसलं. सगळे संशोधक इतके खुश नाहीत हे पण सांगतो. 2013 साली कॉक्रेन नावाच्या संस्थेने 39 अभ्यास तपासले होते, त्यात व्यायामाचा फायदा दिसला पण फक्त चांगल्या दर्जाचे अभ्यास बाजूला काढून बघितले तर तो बराच लहान झाला. ह्यात एक अडचण अशी की गोळीच्या जागी साखरेची गोळी देऊन फसवता येतं, व्यायामात कोणाला फसवणार, करणार्‍याला माहितीच असतं आपण काय करतोय. तरी इंग्लंडमधे डॉक्टरांसाठी जी संस्था सरकारी मार्गदर्शक तत्त्वं काढते, नाइस म्हणतात तिला, तिने 2022 मधे कमी तीव्रतेच्या डिप्रेशनसाठी ग्रुपमधला व्यायाम हा उपचाराचा एक पर्याय म्हणून यादीत घातलाय. ग्रुपमधला, हे लक्षात घ्या. घरी एकट्याने करून बघितलेलं आणि इथे दहा-बारा जणांत केलेलं ह्यातला फरक मला तरी स्वच्छ दिसला, आणि म्हणूनच ह्या जागेला फी देणं मला वसूल वाटतं, नाहीतर पांझरेच्या काठाचा रस्ता फुकट आहेच.

किती करायचं ह्याचा कागद शेडमधे खांबाला चिकटवलाय, जागतिक आरोग्य संघटनेचा 2020 चा हिशेब: मोठ्या माणसाला आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम, किंवा 75 ते 150 मिनिटं जोरदार, आणि आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. नवीन माणूस हा आकडा बघून घाबरतो. ताईने त्याच्या खाली पेनाने लिहिलंय "निम्मं केलं तरी फायदा", आणि ते खरं आहे, 2022 मधे जामा सायकायट्री नावाच्या मेडिकल जर्नलमधे आलेल्या एका मोठ्या विश्लेषणात जे सांगितल्याच्या निम्मा व्यायाम करतात त्यांना डिप्रेशन होण्याचा धोका अजिबात न करणार्‍यांपेक्षा 18 टक्के कमी दिसला, आणि पूर्ण करणार्‍यांना 25 टक्के. म्हणजे सगळ्यात मोठी उडी शून्यापासून निम्म्यापर्यंतच आहे. (हे आजार होण्याच्या धोक्याबद्दल आहे, झालेला आजार बरा करण्याबद्दल नाही, गल्लत नको.)

इथे प्रत्यक्ष काय करतात ते सांगतो. सोमवार, बुधवार, शुक्रवार चालणं, नंतर नंतर चालता चालता थोडं पळणं. वेग कसा कळणार तर बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये, ही नानांची मोजपट्टी आणि ती डॉक्टर लोक पण सांगतात. मंगळवार, शनिवार बैठका, भिंतीला हात लावून जोर मग हळूहळू जमिनीवर, हलके डंबेल, पाठीचे व्यायाम. गुरुवारी सूर्यनमस्कार आणि शवासन. रविवार सुट्टी, पण आबा आणि अजून दोघं-तिघं नकाणे तलावाकडे फिरायला जातात, ज्याला यायचं तो येतो. मला स्वतःला वजनाचे दिवस सगळ्यात जास्त मानवले. चालताना माझं डोकं तेच ते जुनं दळत बसतं, पण डंबेल हातात असलं की मोजणीत लक्ष द्यावं लागतं. शिवाय मागच्या महिन्यात जे उचलत नव्हतं ते आज उचललं जातं, हे हाताला कळतं, त्याला कोणी सांगायची गरज लागत नाही.

पावडर वगैरे इथे विकत नाहीत, कोणी विचारलं तर नाना म्हणतात घरी फुणके-कढी होते का? कळण्याची भाकर होते का? शेंगदाणे, हरभरे, दूध, खात असाल तर अंडी, ते आधी पोटभर खा. माझी भूक मेली होती तेव्हा माय मागे लागून लागून थकली होती, व्यायाम सुरू झाल्यावर काही आठवड्यांत मी आपणहून दुसरी भाकर मागितली तर ती ताट तसंच ठेवून देवघरात गेली.

गोळ्या आणि धुळ्याचा उन्हाळा ह्याबद्दल जरा थांबून वाचा. आपल्या खान्देशात एप्रिल-मे मधे पारा 42-43 ला सहज जातो, आणि डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी मुळातच घाम जास्त येतो. काही गोळ्यांनी उठताना एकदम बीपी उतरून चक्कर येते. आणि ज्यांना लिथियम (मूड स्थिर ठेवायची गोळी) चालू आहे त्यांनी तर फार सांभाळावं, घाम जाऊन अंगातलं पाणी-मीठ कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढू शकतं आणि ते विषारी होऊ शकतं, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच उन्हाळ्यात व्यायामाचं ठरवावं. इथे ताई गोळ्यांची नावं लिहून घेते ती ह्यासाठीच. उन्हाळ्यात बॅच सव्वापाचला सुरू होते आणि सातच्या आत संपते, माठ भरलेला असतो, चक्कर आली की सरळ खाली बसवतात. मला झोपेच्या गोळीमुळे सुरुवातीला पहाटे गुंगी असायची, तर ताईने मॅडमना विचारून ये म्हणून सांगितलं, मॅडमनी गोळी रात्री लवकर घ्यायला लावली, प्रश्न मिटला. डॉक्टर आणि व्यायामवाले एकमेकांना धरून चालले की असं होतं.

आता ज्या गोष्टी खटकल्या त्या.

पत्र्याचं शेड मे महिन्यात सकाळी सातलाच तापतं. एक कूलर आहे तो एका कोपर्‍याला पुरतो, आणि लाइट गेली की तोही बंद, इन्व्हर्टर नाही. दोन ट्रेडमिलपैकी एक मी आल्यापासून बंदच आहे, वर टॉवेल वाळत असतात. बायकांची बॅच सकाळी साडेदहाला ठेवलीय, ती नोकरीवालीला जमत नाही आणि उन्हाळ्यात तर त्या वेळेला घराबाहेर पडणंच कठीण. माझ्या ओळखीतली एक शिक्षिका बाई केवळ ह्यामुळे येऊ शकल्या नाहीत. बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनची एक पोरगी येते, तिच्या सासूबाई बाळाला घेऊन बाहेर सावलीत बसतात, त्यांना बसायला एक धड बाकडं पण नाही. नानांना मी हे तोंडावर बोललोय, ते हो म्हणालेत, बघू.

सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे संध्याकाळची बॅच. ती नानांचा एक शिष्य चालवतो आणि तिचं सगळंच वेगळं. मोठ्याने गाणी, आरशासमोर गर्दी, कोण किती उचलतो ह्याची चढाओढ. तरुण पोरांना ते हवं असतं, त्यांची चूक नाही. पण एकदा कामामुळे मी संध्याकाळी गेलो तर वहीचं कोणी विचारलं नाही, येताना-जाताना काही नाही, आणि एका पोराने माझ्या हातातलं डंबेल बघून "काका हे तर लेडीज वजन आहे" असं हसून म्हटलं. मी त्या वेळी बराच सावरलेलो होतो म्हणून निभावलं. सुरुवातीच्या दिवसांत हे ऐकलं असतं तर परत पायरी चढलो नसतो. त्यामुळे तुमचा माणूस ह्या आजारातला असेल तर त्याला सकाळच्याच बॅचला पाठवा, संध्याकाळी नको.

फी महिन्याला 600, सहा महिन्यांचं एकदम भरलं तर थोडी सूट. मधेच सोडलं तर राहिलेले पैसे परत देतात, हे मी दुसर्‍या एकाच्या बाबतीत स्वतः पाहिलंय. कॉलेजच्या मुलांना कमी. पार्किंग गल्लीतच, चारचाकी आणू नका. संडास-बाथरूम स्वच्छ, कपडे बदलायला आडोसा मात्र नाही, घरूनच ट्रॅकपँट घालून जायचं. बूट चांगले घ्या, बाकी काही लागत नाही.

कोणी इथे येऊ नये ते पण सांगतो. ज्याला जगणं नको वाटतंय, मरणाचे विचार येतायत, किंवा ज्याने खाणं-पिणं-बोलणंच सोडलंय, त्याला आधी डॉक्टर, ताबडतोब. व्यायामशाळेत नेऊन ते सुटणार नाही आणि नाना पण त्याला घेत नाहीत, स्वतः रिक्षात बसवून दवाखान्यात पाठवतात. रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं तर सरकारची टेलि मानस हेल्पलाइन आहे, 14416, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. 10 ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे तरी आपल्याकडे लोकांना माहिती नाही, हा नंबर फोनमधे सेव्ह करून ठेवा, घरच्यांनी तर नक्कीच. ज्यांना कधी खूप खाली तर कधी एकदम खूप वर, झोप नको, बोलणं थांबत नाही असं होतं त्यांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय जोराचा व्यायाम सुरू करू नये.

माझं आजचं सांगायचं तर गोळी चालू आहे, डोस मॅडमनी कमी केलाय, अजून बंद नाही आणि मला घाई पण नाही. नऊ प्रश्नांचा आकडा आता पाचच्या आसपास येतो. सगळ्यात आधी झोप सुधारली, मग भूक, मग कामातलं लक्ष, आणि लोकांत बसावंसं वाटणं सगळ्यात शेवटी आलं. ह्यात गोळीचा वाटा किती, व्यायामाचा किती, बायको पहाटे पाचला माझ्याआधी उठून चहा ठेवते त्याचा किती, हे वेगळं काढता येणार नाही आणि मी काढतही नाही. आबांचं पण तसंच, त्यांची तर बायको गेल्यानंतर दोन वर्षं घराबाहेर पडणं बंद झालं होतं, आता तेच दुसर्‍यांना आणायला मोटारसायकल काढतात.

पाचपैकी चार स्टार देतोय. एक कापला तो संध्याकाळची बॅच आणि बायकांची वेळ ह्यासाठी. नाना, तुम्ही वाचत असाल तर बायकांची बॅच सकाळी सहाला करा, शेडच्या मागच्या अर्ध्या भागात जागा आहे, ताई तयार आहे, मी विचारलंय तिला. ते झालं की मी येऊन पाचवा स्टार भरतो.